हा पुतळा कोणी घडवला?

मुंबईत पुतळ्यांना तोटा नाही. पुतळा कोणाचा आणि अनावरण कोणाच्या हस्ते झाले, हे चौथऱ्यावरची पाटी ठळक अक्षरांत सांगते. ज्याने महिनोन्महिने माती लिंपली, साचा काढला, ओतकाम करून घेतले, त्याचे नाव मात्र बहुतेक वेळा शोधूनही सापडत नाही. म्हणूनच या शहराची कला पाहायला निघताना ‘कोणी घडवले?’ हा प्रश्न सोबत घ्यावा.

सुरुवात हुतात्मा चौकातून करावी. इथले फ्लोरा फाउंटन १८६४ सालचे. त्याची आखणी रिचर्ड नॉर्मन शॉ यांची, तर पोर्टलंडच्या दगडातले कोरीवकाम जेम्स फोर्साइथ यांचे. शेजारीच मशाल उंचावलेले शेतकरी आणि कामगार संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची आठवण देतात. रोमन देवता आणि मराठी कष्टकरी एकाच चौकात नांदताना दुसरीकडे क्वचितच दिसतील.

तिथून जवळच, महात्मा गांधी रस्त्यावर, न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची १९३६ सालची इमारत आहे. फुटपाथवर जरा थांबून मान वर करा. दर्शनी भिंतीवर शेतकरी आहेत, कुंभार आहेत, सूत कातणाऱ्या स्त्रिया आहेत. अंगे भरीव, घड्या मोजक्या, चेहरे शांत. विमा कंपनीच्या दारावर राजा किंवा शेठजी न बसवता कष्टाची माणसे कोरणारे हे शिल्पकार म्हणजे ना. ग. पानसरे. रोज हजारो लोक या भिंतीखालून जातात. त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

काळ्या घोड्याची हकीकत सर्वांना अर्धीमुर्धी माहीत असते. युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा जोसेफ एडगर बोह्म यांनी घडवला आणि अल्बर्ट ससून यांनी १८७९ साली शहराला दिला. १९६५ मध्ये तो हलवला गेला, तरी परिसराचे नाव टिकले. २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, पण स्वाराविना. संकल्पना वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची आणि शिल्प श्रीहरी भोसले यांचे. जुना घोडा स्वारासकट भायखळ्याला, राणीच्या बागेत आहे. तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्तीही उभा आहे. इंग्लंडला न्यायला उचलताना तो भंगला, म्हणून इथेच राहिला. त्याच्या शिल्पकाराचे नाव काळाने नेले, तिथे तक्रार कोणाकडे करणार? विसाव्या-एकविसाव्या शतकातली नावे हरवली, तर तो दोष आपला.

या घडवणाऱ्यांचे माहेर म्हणजे १८५७ साली सुरू झालेले जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच, १८९६ मध्ये, ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरमध्ये साकारली. नऊवारीतली, देवळाकडे निघालेली ही तरुणी पाहिली की अभिजात शिल्पाचे शिक्षण मराठी घरात कसे रुळले ते समजते. पुढे १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यांतले सदानंद बाकरे शिल्पकार. उत्तरायुष्य त्यांनी कोकणात, मुरुड-हर्णैला काढले. चित्रकारांच्या मानाने त्यांचे नाव आपल्याकडे फारच कमी घेतले जाते.

१९५२ पासून चालू असलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत हा प्रश्न सुटलेला दिसतो. तिथे चित्रकार स्वतः चित्रांजवळ बसलेला असतो, विचारले की बोलतो. बाहेर फुटपाथवरचे कलावंत समोर बसवून तुमचे रेखाचित्र काढतात. समोरच, १९११ च्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. विमानतळाच्या टर्मिनल दोनवरचा ‘जय हे’ संग्रह आणि वांद्र्याच्या भिंतींवरची चित्रेही सवडीने पाहावीत.

आता खरेदी. तिथेही ‘कोणी घडवले?’ हा प्रश्न सोबत असू द्यावा. दिवाळीत घर सजवण्याची हौस कोणाला नसते? १९०६ साली स्वदेशीच्या चळवळीतून उभे राहिलेले बॉम्बे स्टोअर आणि जुन्या तसबिरी, पितळी दिवे मिळणारा चोरबाजार ही ठिकाणे नावाजलेली आहेत. पण एक फेरी धारावीच्या कुंभारवाड्यात मारा. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती. चाकावर मातीचा उंच गोळा फिरत असतो. कुंभाराचा अंगठा वर दाबला जातो, पणतीचे तोंड उमलते, बोटाच्या चिमटीने वात ठेवायची चोच निघते आणि दोऱ्याने कापून पणती फळीवर येते. तोवर गोळ्याच्या माथ्यावर पुढची पणती आकार घेऊ लागलेली असते. मॉलमध्ये चौपट दराने मिळणारी पणती इथे, घडवणाऱ्याच्या हातून घेता येते. घासाघीस न करता घ्यावी.

शहराचे सौंदर्य जपायचे तर इमारती आणि पुतळे धुऊन-पुसून भागणार नाही. प्रत्येक सार्वजनिक शिल्पाच्या पाटीवर शिल्पकाराचे आणि ओतकाम करणाऱ्याचे नाव, साल आणि माध्यम लिहिणे महापालिकेने बंधनकारक करावे. खर्च चार ओळींचा आहे. शाळांच्या सहलींनी ती नावे मोठ्याने वाचावीत. ज्या मुलाला शिल्पकाराचे नाव माहीत असते, त्यालाच एखाद्या दिवशी आपणही माती हाती घ्यावी असे वाटू शकते. मुंबईला पुढचे म्हात्रे आणि पानसरे हवे असतील, तर आधीच्यांना त्यांच्या कामाखाली जागा द्यायलाच हवी.