जठराची हकिकत रक्ताच्या तोंडून

हाताला जखम झाली की ती डोळ्यांना दिसते. दात किडला की तो ठणकून जाणीव देतो. पण जठराचे आतले अस्तर झिजू लागले तर? बहुधा काही दिसत नाही आणि दुखतही नाही. ही झीज वर्षानुवर्षे मुकाट्याने चालू राहते. त्यांपैकी थोड्या लोकांना पुढे जठराचा कर्करोग होतो, म्हणून तिचा सुगावा लवकर लागणे महत्त्वाचे असते.

या झिजेमागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जीवाणू असतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी त्याचा छडा लावला. १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले आणि २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जीवाणू अस्तराला सूज आणतो. सूज जुनाट झाली की पाचकरस तयार करणाऱ्या ग्रंथी हळूहळू नाहीशा होतात.

तोंडावाटे दुर्बीण घालून अस्तर पाहता येते. पण गावातील प्रत्येकाला दुर्बीण कशी घालणार? येथे रक्त मदतीला येते.

जठरातील पेप्सिन हे विकर थिओडोर श्वान यांनी १८३६ साली शोधले. पेशी ते थेट तयार करीत नाहीत. आधी पेप्सिनोजेन हा निरुपद्रवी पदार्थ बनतो आणि आम्लात गेल्यावर त्याचे पेप्सिन होते. बहुतेक पेप्सिनोजेन जठराच्या पोकळीत जाते, पण सुमारे एक टक्का रक्तात उतरते. तोच आपला खबऱ्या!

पेप्सिनोजेनचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार जठराच्या मुख्य, वरच्या भागातील ग्रंथींत तयार होतो. दुसरा प्रकार तेथे तर होतोच, शिवाय आतड्याकडच्या खालच्या भागात आणि लहान आतड्याच्या आरंभीही होतो. आता विचार करा : मुख्य भागातील ग्रंथी झिजल्या तर काय होईल? पहिल्या प्रकाराचे उत्पादन घटेल, दुसऱ्याचे मात्र बऱ्याच अंशी चालू राहील. म्हणजेच पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारे गुणोत्तर उतरेल.

रक्तातील हे पदार्थ नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजावे लागतात. एवढे सूक्ष्म वजन कोणत्या तराजूत करायचे? १९६० च्या सुमारास अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिन मोजण्यासाठी एक युक्ती काढली. एस्. टी.च्या गाडीत चाळीसच आसने आहेत असे समजा. लाल टोपीवाले ठराविक उतारू आणि साधे उतारू एकदमच आत शिरले. साधे उतारू जितके जास्त, तितक्या लाल टोप्या आसनांवर कमी दिसतील. येथे आसने म्हणजे प्रतिपिंडे, लाल टोपी म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन आणि साधे उतारू म्हणजे रुग्णाच्या रक्तातील पदार्थ. आसनांवरचा किरणोत्सर्ग मोजला की साध्या उतारूंची संख्या कळते. या पद्धतीबद्दल यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेप्सिनोजेनही पूर्वी याच रीतीने मोजले जाई. आता बहुधा रंग किंवा प्रकाश उत्पन्न करणाऱ्या खुणा वापरतात.

जपानमध्ये जठराचा कर्करोग फार आढळतो. तेथे या चाचणीचा चाळणीसारखा उपयोग झाला. पहिला प्रकार मिलिलिटरला ७० नॅनोग्रॅम किंवा कमी, आणि गुणोत्तर ३ किंवा कमी, अशा दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर अस्तर झिजल्याचा संशय धरतात. मोजणीची पद्धत बदलली तर या मर्यादाही बदलू शकतात.

एक उदाहरण पाहू. दोघांच्याही रक्तात पहिला प्रकार ६० आहे. दुसरा प्रकार एकाचा १०, दुसऱ्याचा २५. गुणोत्तरे आली ६ आणि २.४. एकच आकडा पाहिला असता तर दोघेही संशयित ठरले असते. गुणोत्तराने पहिल्याला मोकळे केले आणि दुसऱ्याला दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवले.

पण चाळणी म्हणजे निवाडा नव्हे. आम्ल कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने हे आकडे वाढतात. जीवाणूवर उपचार झाल्यावरही ते बदलतात. शिवाय आकडे ठीक असूनही कर्करोग असू शकतो.

आता हे गणित वर्गात सोडवा. एका गृहस्थांचा पहिला प्रकार ४२, दुसरा ७ आहे; पण त्यांचे वजन अकारण घटते आहे आणि शौचाचा रंग डांबरासारखा काळा आहे. गुणोत्तर काढा आणि सांगा, त्यांना डॉक्टरांकडे दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवाल की नाही? भागाकार चुटकीसरशी होईल. उत्तर देताना मात्र आकड्याबरोबर माणसाकडेही पाहायला विसरू नका.