शनिवारची दुपार, चॅम्पियन हिलचे मैदान

इंग्लंडचा फुटबॉल म्हटला की आपल्या वस्तीतल्या पोरांच्या तोंडी मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, चेल्सी हीच नावे येतात. टी-शर्टही तेच. परंतु त्या देशातला फुटबॉल एवढ्यावर संपत नाही. प्रीमियर लीगचे २० क्लब आणि त्याखालच्या तीन श्रेणींतले ७२, असे हे ९२ क्लब झाले. त्यांच्याखाली पायऱ्या-पायऱ्यांनी शेकडो क्लब उभे आहेत. त्या सगळ्यांना मिळून तिकडे 'नॉन-लीग' म्हणतात. पाचव्या पायरीपासून सुरू होणारा हा फुटबॉल म्हणजे मोहल्ल्याचा, कामगारांचा फुटबॉल. वर चढण्याची वाट मात्र बंद नाही. १९८७ पासून पाचव्या पायरीवर पहिला येणारा क्लब, मैदान अटींत बसत असेल तर, थेट वरच्या श्रेणीत जातो.

लंडनला जाण्याचा योग आला तेव्हा आम्ही मुद्दाम असे एक मैदान पाहिले. दक्षिण लंडनमधल्या डलिच हॅम्लेट या क्लबचे. लंडन ब्रिजहून लोकलने ईस्ट डलिच स्टेशनला उतरायचे आणि थोडे चालायचे. शेजारी मोठे सुपरमार्केट, त्याच्या कडेने मैदानाकडे जाणारा रस्ता. या रस्त्याला नाव आहे एडगर केल यांचे. केल या क्लबसाठी चारशेच्या वर गोल करून गेले. १९२९ साली ते इंग्लंडच्या संघातून तीन सामने खेळले. मोठ्या क्लबांनी पैसे देऊ केले तरी ते गेले नाहीत, अखेरपर्यंत बिनपगारी खेळाडूच राहिले. आजही प्रेक्षक त्यांच्या नावाचा जयघोष करतात. आमदार-मंत्र्यांऐवजी खेळाडूचे नाव रस्त्याला दिलेले पाहून आम्हाला बरे वाटले.

सामना शनिवारी दुपारी तीनला. तिकडे ही वेळ ठरलेली. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवायचा नाही, असा नियम तिथे अनेक वर्षे पाळला जातो. कारण सरळ आहे. लोक घरी बसून बड्यांचा खेळ पाहू लागले तर छोट्या मैदानाचे फाटक सुने पडेल. गरिबाच्या क्लबाची मिळकत म्हणजे फाटकावरचे तिकीट, हे ओळखून केलेली ही सोय आहे.

तिकीट प्रीमियर लीगच्या मानाने कितीतरी स्वस्त. फाटकावर, पुस्तिका विकायला, चहाच्या खिडकीत पाहावे तिकडे स्वयंसेवक. एका बाजूला बसायची स्टँड, बाकी उभे राहून पाहायचे. गुलाबी आणि गडद निळा हे क्लबचे रंग. म्हातारी माणसे, बाया, कडेवर लेकरू घेतलेले बाप, सगळ्यांच्या गळ्यात तेच मफलर. गुलाबी रंगाची लाज कुणाला नाही! मध्यंतर झाले की ढोल-झेंड्यांसह सगळी गर्दी उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाते, कारण आता आपला संघ तिकडच्या गोलवर चढाई करणार. खेळाडू हाताच्या अंतरावर. त्याला दिलेली शाबासकी त्याला ऐकू जाते, आणि शिवीसुद्धा. या पायऱ्यांवरचे बरेच खेळाडू दिवसा नोकरीधंदा करतात आणि संध्याकाळी सराव करतात. जेमी व्हार्डी असाच कारखान्यात काम करता करता स्टॉक्सब्रिज नावाच्या छोट्या क्लबात खेळला, २०१२ साली लेस्टरला गेला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता झाला.

त्या दिवशी यजमान संघ एका गोलने हरला. तरीही लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

या क्लबाची स्थापना १८९३ ची. बिनपगारी खेळाडूंचा राष्ट्रीय चषक त्याने १९२०, १९३२, १९३४ आणि १९३७ असा चार वेळा जिंकला. परक्याला जवळ करण्याची त्याची रीतही जुनी आहे. १९११ साली हुसेन हेगाझी नावाचा इजिप्तचा तरुण शिकण्यासाठी लंडनला आला आणि या संघात खेळू लागला. फुलहॅम या मोठ्या क्लबाने त्याला एका सामन्यात उतरवले. त्याने गोलही केला. फुलहॅमने पुन्हा बोलावले, पण तो डलिचकडेच राहिला. पुढे १९२० च्या ऑलिंपिकमध्ये तो आपल्या देशाकडून खेळला. अलीकडे २०१५ मध्ये क्लबाने समलिंगी खेळाडूंच्या स्टोनवॉल संघाशी मैत्रीचा सामना खेळून कुणालाही हिणवू नका असा संदेश दिला.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आम्ही पडलो कारकून माणूस. खेळापेक्षा आमचे लक्ष आधी कागदाकडे जाते. मैदान कुणाच्या नावावर, हा आमचा प्रश्न.

१९३१ सालचे इथले जुने मैदान भव्य होते. १९३३ च्या बिनपगारी चषकाच्या अंतिम सामन्याला वीस हजारांवर माणूस जमले होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा कोरिया-मेक्सिको सामना याच चॅम्पियन हिलवर झाला. पुढे जुने मैदान पाडले गेले, जागेच्या मोठ्या भागावर सुपरमार्केट आले आणि शेजारी १९९२ साली लहान मैदान उभे राहिले. तेही बांधकाम व्यवसायातल्या कंपनीच्या हाती गेले. घरे बांधण्याची योजना होती. नगरपरिषदेशी वाद झाला. भाड्याच्या थकबाकीची तक्रार निघाली. मार्च २०१८ मध्ये क्लबालाच मैदानाबाहेर काढले गेले. एवढ्यावर थांबले नाही. क्लबाचे नावसुद्धा मालकांशी संबंधित कंपनीने ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतल्याचे पत्र आले. सव्वाशे वर्षांचे नाव आणि ते वापरायचे नाही म्हणे!

लोक मात्र घरी बसले नाहीत. त्यांनी मोर्चा काढला, निधी उभा केला, खासदारांनी प्रश्न लावून धरला. संघ टूटिंगच्या परक्या मैदानावर खेळू लागला, प्रेक्षक तिकडेही गेले. त्याच हंगामात संघ वरच्या श्रेणीत चढला. नाव परत मिळाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये क्लब आपल्या मैदानावर परतला.

सगळ्यांचे नशीब असे नसते. त्याच ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै १९४८ ला स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. आपण १-२ ने हरलो, दोन पेनल्टी वाया गेल्या, आपला गोल सारंगपाणी रामन यांचा. तो सामना पूर्व लंडनच्या इलफर्ड या बिनपगारी क्लबाच्या लिन रोड मैदानावर झाला होता. ते मैदान पुढे विकले गेले. तिथे आज घरे आहेत. आपल्या देशाच्या फुटबॉलचा एवढा मोठा दिवस, पण तो जिथे उगवला ती माती राहिली नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, मैदान, वाचनालय, समाजमंदिर ही कष्टकऱ्याची संपत्ती. ती घामाने उभी राहते आणि कागदाअभावी जाते. आपल्या वस्तीतल्या अशा जागेचा उतारा कुणाच्या नावावर आहे, संस्थेची नोंदणी आणि हिशोब तपासणी वेळेवर झाली आहे का, कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, हे येत्या बैठकीत विचारा. डलिचच्या लोकांना हे प्रश्न कुलूप लागल्यावर विचारावे लागले. आपण ते आधीच विचारू या. आणि रविवारी मुलांना घेऊन जवळच्या मैदानावर जा. चार माणसे पाहायला उभी राहिली की खेळणाऱ्यालाही जोर येतो आणि मैदान रिकामे पडले आहे असे म्हणायला कुणाला जागा उरत नाही.