कुत्रा चालेल, पोपट नाही!

चाकांवरचं घर, खिडकीतून जीभ बाहेर काढून बसलेला कुत्रा आणि दार उघडलं की समोर केळव्याचा समुद्र. रील्स पाहून हे खूळ कालपरवाचं वाटत असेल, तर जरा मागे चला. निव्वळ हौसेखातर बांधून घेतलेला पहिला कॅराव्हॅन म्हणून ज्याचं नाव घेतात, तो १८८५ सालचा. मालक डॉ. गॉर्डन स्टेबल्स, ब्रिटिश नौदलातले माजी डॉक्टर. महॉगनी लाकडाचं दोन टनी धूड, ओढायला दोन घोडे, सोबत हरिकेन बॉब नावाचा दांडगा न्यूफाउंडलंड कुत्रा आणि पोली नावाचा पोपट. म्हणजे पहिल्याच गाडीत प्राणी होते!

हेच डॉक्टर आज मनोरच्या मस्तान नाक्यावरून पालघरकडे वळले असते, तर कुत्र्याला कुणी हटकलं नसतं. पोपटाची मात्र चौकशी झाली असती. आपला हिरवागार, लाल चोचीचा मिठू वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. कायदा १९७२ चा, तरी मिठूला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे हे आजही कित्येकांच्या गावी नसतं. पाठीवर चांदण्या असलेल्या कासवाचंही तेच. ‘अहो, लहानपणापासून आमच्याकडेच आहे’ ही सबब वनखात्यापुढे चालत नाही.

पार्किंगचे उलटे पैसे

प्राणी घेऊन फिरता संसार करण्यातले खरे वस्ताद डिझेल भरतच नाहीत. दिवाळी सरली, भातकापणी उरकली की नाशिक-नगरकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणपट्टीतल्या रिकाम्या खाचरांत वाडा टाकतात. घोड्याच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड: भांडीकुंडी, घोंगड्या, पिठाचं गाठोडं, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि अजून धड चालता न येणारी कोकरं. मागेपुढे कुत्री. रात्री मेंढरं जाळीच्या वाघरीत कोंडायची आणि पहारा कुत्र्यांवर सोपवायचा.

मुक्कामाचं भाडं? छे, उलट! ज्याच्या शेतात मेंढरं बसतात, तो शेतकरीच धान्य नाहीतर पैसे देतो. एका रात्रीत लेंडीखत शेतात आयतं पडतं ना! डहाणू-घोलवडला चिकूच्या वाडीत गाडी लावू द्या म्हणून मालकाची मनधरणी करणाऱ्यांनी हा हिशोब जरूर तपासावा. लॅब्रेडॉर रात्रभर बसला म्हणून कुणी तांदूळ मोजून दिल्याचं ऐकिवात नाही.

यातली शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. धनगराचा मुक्काम जनावर ठरवतं. चारा-पाणी जिथे, चूल तिथे. आपण आधी नकाशावर मुक्काम ठरवतो आणि मग कुत्र्याला त्यात कोंबतो. फजिती होते ती इथेच.

पाच मिनिटांचे ताडगोळे

कुत्र्याला घाम फुटतो तो तळव्यांना, तोही नावापुरता; अंग निववायचा बाकी सगळा भार धापा टाकण्यावर. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत ३४ च्या घरात जातं, अर्ध्या तासात ४३ च्या. २४ अंश म्हणजे आपल्याकडची हिवाळ्यातली प्रसन्न सकाळ! त्यात किनाऱ्याची हवा दमट, म्हणजे धापा टाकूनही फारसा उपयोग नाही. तेव्हा मे महिन्यात एसी बंद करून ‘पाच मिनिटांत ताडगोळे घेऊन येतो रे’ म्हणत कुणी उतरू नये. दुकानदाराशी गप्पा रंगल्या की त्या पाचाची पंचवीस होतात.

केळवे, शिरगाव, चिंचणी या किनाऱ्यांवर सुरूची सावली मिळाली की निम्मं काम झालं. पाण्याची वाटी मात्र आपली आपण न्या, कारण तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो आणि मग त्याचं पोट आतबाहेर दोन्हीकडून बोलायला लागतं. गाडी पुळणीवर उतरवायची हौस आवरा. तिथे गाडी नेणं नियमात बसत नाही, आणि ओल्या वाळूत रुतलेल्या गाडीसाठी भरती थांबत नसते.

कोळीवाड्यात शिरताना पट्टा हातात घट्ट हवा. वलांडीवर ओळीने वाळत घातलेले बोंबील, कुत्र्याच्या नाकाच्या बरोब्बर उंचीवर. त्याच्या सद्वर्तनाची याहून कठीण परीक्षा नाही. नापास झाला, तर मावशी बोंबलाचे पैसे तुमच्याकडूनच घेतील आणि चार शब्द फुकट ऐकवतील.

मांजराचं तंत्र निराळं. त्याचा जीव जागेत अडकलेला असतो. गाडीतली त्याची गोधडी आणि वाळूचा ट्रे रोज त्याच कोपऱ्यात ठेवा. बाहेर बोईसर आहे की बार्सिलोना, त्याला देणंघेणं नाही.

राखण की नैवेद्य?

जॉन स्टाइनबेक १९६० साली ट्रकवर छोटंसं घर चढवून अमेरिका बघायला निघाला. शेजारी चार्ली नावाचा पूडल. ट्रकला नाव डॉन किहोटेच्या घोड्याचं, रोसिनांते. यलोस्टोनच्या जंगलात अस्वलं दिसली आणि एरवी सभ्य असलेला चार्ली असा खवळला, की लेखकमहाशयांना गाडी माघारी वळवावी लागली. त्या प्रवासावरचं पुस्तक १९६२ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी नोबेलही.

पालघरच्या डोंगरपट्टीत बिबट्या आहे आणि कुत्रा त्याच्या खाण्यात येतो. इथले वारली वाघोबाला देव मानतात, वाघबारशीला पूजतात. त्याच्याच हद्दीत रात्री कुत्रा गाडीबाहेर बांधून निजणं म्हणजे राखण नव्हे, नैवेद्य.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. पण जुन्या टेम्पोत आपल्या मनाने पलंग-ओटा ठोकून तो मोटरहोम म्हणून फिरवता येत नाही. असा बदल आरटीओच्या मंजुरीनेच होतो. इतका खटाटोप नको असेल, तर रेल्वे आहे. एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे आरक्षित केलात तर कुत्रा तुमच्यासोबत, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत.

उरली धूळ. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे निघालं की एमआयडीसीचे कंटेनर आणि टँकर पुढे-मागे असतातच. काच चढवलेली बरी. १९०३ साली होरॅशिओ जॅक्सनने सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क मोटारीने गाठलं, ६३ दिवसांत. वाटेत घेतलेल्या बड नावाच्या बुलडॉगचे डोळे धुळीने चुरचुरायला लागले, तेव्हा जॅक्सनने त्यालाही चक्क गॉगल चढवला. तो गॉगल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बोईसरच्या बाजारात कुत्र्याच्या मापाचा गॉगल मिळतो का, हे दुकानदाराला न हसता विचारून दाखवा.