मोहोळचा उन्हाळा व आमचे कर्तव्य

चैत्र लागला की सोलापूर जिल्ह्यात पारा चाळीस अंशांची पायरी ओलांडतो आणि वैशाखात तो त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जाऊन बसतो, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. मोहोळच्या पेठेत दुपारी बारानंतर दुकानदार पडदे सोडून आत बसतो, गिऱ्हाईक फिरकत नाही, रस्ते ओस पडतात. परंतु त्याच घटकेस कोणी हमाल आडतीवर पोती वाहत असतो, कोणी गवंडी स्लॅबवर उभा असतो व कोणी माळीण भाजीची पाटी पुढे घेऊन उन्हात बसलेली असते. त्यांच्याविषयी विचारावे तर एकच उत्तर ऐकू येते, "उन्हाळाच तो, तापायचाच!" या उत्तरात जो निरुपाय दडला आहे, तोच आजच्या लेखाचा विषय होय.

ऋतू कठोर असणे व माणसाने त्याच्या हाती मरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हे पटावे म्हणून आम्ही वाचकांस क्षणभर अगदी उलट हवेच्या देशात नेतो. युरोपच्या उत्तरेस फिनलंड म्हणून देश आहे. तेथे भर हिवाळ्यात राजधानीच्या शहरी दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंतही उतरतो आणि कडक हिवाळ्यात देशाची सारी बंदरे गोठून जाऊ शकतात. व्यापाऱ्यांनी कल्पना करावी की आपल्या मालाची वाटच चार महिने बर्फाने बंद झाली! पण त्या लोकांनी हात जोडून वसंताची वाट पाहिली नाही. १८९० साली त्यांनी बर्फ फोडणारे पहिले सरकारी जहाज पाण्यात आणले व पुढे बारमाही व्यापार चालू ठेवला. घरासमोरच्या पदपथावरील बर्फ काढणे ही तेथे मुख्यतः घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात रस्त्यांची स्थिती तशी असेल तर मोटारीस हिवाळी टायर लावणे कायद्याने भाग आहे. तिकडे कॅनडाच्या क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते ३१ मार्चपर्यंत बिल थकले तरी राहत्या घराची वीज तोडीत नाहीत; कारण त्या थंडीत वीज तोडणे म्हणजे माणसास मारणे, हे तेथे सर्वांस कळते.

कोणी म्हणेल, ते देश श्रीमंत, त्यांस हे शोभते. तर मग इतिहास पाहावा. याच फिनलंडात १८६७ साली वसंत लांबला, पिके बुडाली आणि १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात सुमारे दर बारा माणसांमागे एक मनुष्य भुकेने व रोगाने मेला. त्या काळचा हिवाळा व आजचा हिवाळा यांत जो फरक पडला असेल, त्याहून शतपट फरक लोकांच्या व्यवस्थेत पडला आहे. आणि आम्हीही हे करून दाखविलेले नाही काय? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आमच्या दख्खनमध्ये माणसे किड्यामुंग्यांप्रमाणे मेली. परंतु १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने गावोगाव कामे काढली, आणि १९७७ साली मागेल त्यास काम देण्याचा कायदा केला. दुष्काळास दैव म्हणणे आम्ही सोडले. मग उन्हासच दैव का म्हणावे?

ऊन माणसास कसे मारते हेही समजून घेतले पाहिजे. शरीराची उष्णता सदतीस अंशांच्या आसपास राहावी लागते. बाहेरची हवा त्याहून तापली म्हणजे घाम येऊन तो वाळणे हाच शरीर थंड राखण्याचा एक मार्ग उरतो. पाणी कमी पडले, काम चालूच राहिले, सावली नसली, की हा मार्गही खुंटतो. अंगातील उष्णता चाळीस अंशांपलीकडे जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो व कोसळतो. अशा वेळी त्यास तत्काळ सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, १०८ क्रमांकास कळवावे आणि शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये. एवढे ज्ञान प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यावरील माणसास असावयास हवे.

अहमदाबाद शहरात मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीच्या मानाने तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. हे आकडे मांडल्यावर तेथील महापालिकेस जाग आली व २०१३ साली तिने उष्म्याशी सामना करण्याची योजना आखली. आदल्या दिवशी इशारा द्यावा, दवाखाने सज्ज ठेवावेत, पाण्याची ठिकाणे वाढवावीत, पुढे गरिबांच्या छपरांस पांढरा रंग द्यावा, अशी ही साधी कामे आहेत. यांत कोणते काम मोहोळच्या नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेरचे आहे, ते आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

बुद्धी व चिकाटी यांचा तर या गावास तोटा नाही. कोरड्या रब्बीत, जमिनीत मुरलेल्या ओलीवर तग धरणारी मालदांडी ३५-१ ही ज्वारी स्वातंत्र्यापूर्वी मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडली गेली. पिकाने आमच्या हवेत जगावे म्हणून जी दृष्टी आम्ही लावली, ती माणसासाठी का लावू नये? आमच्या वाडवडिलांच्या माळवदाच्या घरांत जाड भिंती व मातीचे छत दुपारचा ताप थोपवीत असत. आज गरिबाच्या डोक्यावर पत्रा आहे व त्याखाली चुलीपाशी घरची बाई भाजून निघते. माळवदे परत आणा असे आम्ही म्हणत नाही. परंतु पत्र्यावर चुन्याचा हात फिरविण्यास खर्च तो किती?

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. आमची लग्ने ऐन वैशाखात व ऐन दुपारी लागतात. शेकडो वऱ्हाडी कापडी मंडपात घामाघूम होऊन मुहूर्ताची वाट पाहतात. त्यांत म्हातारी माणसे, तान्ही मुले व गर्भवती स्त्रियाही असतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर भरदुपारी झालेल्या सरकारी पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने चौदा जीव गेले. त्या दिवशी तेथील पारा मोहोळच्या वैशाखापेक्षा खालीच होता! गोरज मुहूर्त आमच्याच पंचांगात आहे. सायंकाळी लग्न लावल्याने धर्म बुडत नाही, उलट पाहुण्यांचा जीव वाचतो. प्रतिष्ठित घराण्यांनी हा पायंडा पाडला तर गरीब आपोआप मागे येतील.

शेवटी व्यापारी बंधूंस दोन शब्द. पाणपोई घालणे हे पुण्यकर्म खरेच. पण तेवढ्याने कर्तव्य संपत नाही. पाण्याचा प्रश्न दयेचा नसून हक्काचा आहे, हे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी अवघ्या देशास शिकविले. १९४८ च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनी उन्हाळ्यात थंड पाणी पुरवावे अशी तरतूद होती. मात्र आडतीवरील हमालास व बांधकामावरील मजुरास त्या कायद्याची सावली कधी पोहोचली नाही. ती सावली आपण धरावी. पोती उतरविण्याचे काम सकाळी अकराच्या आत व सायंकाळी चारनंतर ठेवावे, मधल्या वेळची मजुरी कापू नये. बाजारात स्त्रियांसाठी स्वच्छ मुतारी बांधावी. कारण ती नसल्यामुळे भाजीवाल्या बायका दिवसभर पाणी पिण्याचेच टाळतात, आणि त्यांच्यासमोर भरलेला रांजण व्यर्थ ठरतो.

नगरपरिषद, व्यापारी, डॉक्टर व शिक्षक यांनी प्रतिवर्षी गुढीपाडव्यापूर्वी एकत्र बसून ही कामे वाटून घ्यावीत आणि उन्हाने दगावलेल्या प्रत्येकाची नोंद प्रामाणिकपणे ठेवावी. जेथे मरण मोजले जात नाही, तेथे ते टाळलेही जात नाही. सूर्यास आम्ही आवरू शकत नाही हे खरे. परंतु भरदुपारी हमालाच्या पाठीवर पोते कोण ठेवतो, हा प्रश्न सूर्यास विचारण्याचा नाही.