कर्ज फिटेल इतकी काटकसर

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील नोकरदार कुटुंब कर्जात अडकते तेव्हा कर्ज सहसा एकच नसते. फ्लॅटचे गृहकर्ज असते, दुचाकी किंवा गाडीचा हप्ता असतो, लग्नासाठी किंवा आजारपणात काढलेले वैयक्तिक कर्ज असते, क्रेडिट कार्डाची थकबाकी असते आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून महिनाअखेरीला उचललेल्या लहान-लहान रकमाही असतात. नातेवाइकांचे उसने पैसे यात धरलेच जात नाहीत. महिन्याला एकूण किती हप्ता जातो ते घरात सगळ्यांना पाठ असते, पण कोणत्या कर्जावर किती टक्के व्याज चालू आहे ते विचारले तर कागद शोधावे लागतात. काटकसरीला सुरुवात करायची ती या कागदांपासून. किराणा मालाच्या यादीची पाळी नंतर येते.

गृहकर्जाचा दर साधारण सात ते नऊ टक्के असतो, वैयक्तिक कर्जाचा अकरा-बारापासून विशीच्या पुढेही जातो. क्रेडिट कार्डाचा दर मात्र महिन्याच्या भाषेत सांगितला जातो. साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्षाला ते बेचाळीस टक्के होतात आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला, त्यामुळे आता ग्राहकाला स्वतःच हिशेब करणे भाग आहे.

तो हिशेब असा. कार्डावर एक लाख रुपये थकले आहेत आणि बिलावर ‘किमान देय’ म्हणून पाच हजार रुपये छापले आहेत, असे धरू. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज ३,५०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी ६३० रुपये. पाच हजारांपैकी मूळ कर्जात जमा झाले ८७० रुपये. कार्ड अजिबात न वापरता दरमहा पाच हजार भरत राहिले तरी फेड व्हायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो. थकबाकी घटेल तशी ‘किमान देय’ रक्कमही घटते आणि तेवढीच भरत राहिले तर फेड त्याहून कितीतरी लांबते. तेच एक लाख रुपये १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात वळवले आणि तोच पाच हजारांचा हप्ता चालू ठेवला, तर कर्ज २३ महिन्यांत संपते. घरखर्चात एका पैचीही कपात न करता जवळजवळ पावणेदोन वर्षांचे हप्ते वाचतात. वळवलेल्या कार्डाची मर्यादा मात्र लगेच कमी करून घ्यावी लागते, नाहीतर वर्षभरात जुने कर्ज आणि नवी थकबाकी अशी दोन्ही ओझी डोक्यावर येतात.

महाग कर्ज स्वस्तात बदलण्याचे मार्ग बहुतेक मराठी घरांत आधीच असतात, फक्त त्यांना हात लावायला मन तयार होत नाही. मुदत ठेव मोडणे म्हणजे जणू अपशकुन, आणि दागिना गहाण टाकला तर चारचौघांत नाव जाईल ही भीती. सात टक्क्यांची ठेव कपाटात जपून ठेवायची आणि बेचाळीस टक्क्यांचे व्याज भरत राहायचे, हा प्रकार सुशिक्षित घरांतही सर्रास चालतो. ठेव मोडायची नसेल तर तिच्या तारणावर बँक ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने कर्ज देते. जुन्या विमा पॉलिसीवर कर्ज मिळते, पीपीएफ खात्यावरही ठरावीक वर्षांत मिळते. सोनेतारण हा बँकेतला रोजचा व्यवहार आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, फक्त मुदतीची तारीख चुकली तर लिलावाची नोटीस येते, एवढे भान हवे.

या पट्ट्यात सहकारी बँकांचे जाळे दाट आहे. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० मध्ये सुरू झाली, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ मध्ये आणि कल्याण जनता सहकारी बँक १९७३ मध्ये. मोठ्या कार्यालयांत आणि कारखान्यांत पगारदार नोकरांच्या पतसंस्था असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार पतसंस्थेचा हप्ता थेट पगारातून कापता येतो. वसुलीची खात्री असल्याने अशा संस्थेचा दर बाजारातल्या वैयक्तिक कर्जापेक्षा बऱ्याचदा कमी असतो. तिथे सहकाऱ्यांचा जामीन लागतो आणि कर्ज थकले की जामीनदाराच्या पगारालाही कात्री लागू शकते. म्हणून दुसऱ्याला जामीन राहताना ते स्वतःचेच कर्ज समजून सही केलेली बरी.

इतके झाल्यावर खर्चाकडे वळायचे. काटकसरीच्या सल्ल्यांत चहा, वडापाव आणि सिनेमा यांच्यावर नेहमी पहिला घाव पडतो, आणि तो बहुतेक वेळा वाया जातो. रोजचा वीस रुपयांचा वडापाव सोडला तर महिन्याला जेमतेम पाचशे रुपये वाचतात आणि घर चिडचिडे होते. मोठी रक्कम अडकलेली असते ती एकदा ठरवून विसरून गेलेल्या खर्चांत. क्लबहाऊस आणि जलतरण तलाव असलेल्या घोडबंदर रोडवरच्या किंवा पलावासारख्या संकुलातील देखभाल शुल्क हे त्याचे उदाहरण. हे शुल्क दरमहा ७,५०० रुपयांच्या वर गेले आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असली तर त्यावर १८ टक्के जीएसटीही द्यावा लागतो. सोसायटीत उभी राहणारी आणि रविवारीच बाहेर निघणारी गाडी हे दुसरे. तिचा हप्ता, विमा, पार्किंग आणि सर्व्हिसिंग वर्षभराचे एकत्र मांडले की रिक्षा-टॅक्सीचा खर्च नगण्य वाटू लागतो. हप्ता डोईजड झाला असेल तर गाडी विकणे हा कर्ज कमी करण्याचा सर्वांत झटपट उपाय आहे. प्रतिष्ठेला तो तितकाच जड जातो.

घरच बदलण्याचा विचारही अनेक जण करतात. ठाण्याचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि स्वतः बदलापूर किंवा टिटवाळ्याला कमी भाड्यात राहायचे. गणित जुळते, पण डिपॉझिट, दलाली, भाडेकराराची नोंदणी आणि सामान हलवण्याचा खर्च पहिल्याच महिन्यात अंगावर येतो, मुलांची शाळा बदलते आणि लोकलचा प्रवास लांबतो. भाड्यातल्या फरकातून हा सुरुवातीचा खर्च सात-आठ महिन्यांत वसूल होत नसेल तर हा खटाटोप करू नये.

प्रवासात बचतीला जागा आहे, पण ती लोक शोधतात तिथे नाही. लोकलचा सेकंड क्लासचा पास मुळातच स्वस्त आहे. रेल्वेच्या नियमानुसार त्रैमासिक पास मासिक पासाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट किमतीला मिळतो. तीन महिन्यांच्या पासावर दहा टक्के सूट मिळते आणि वर्षाच्या पासावरही तेवढीच. त्यामुळे कर्जदाराने वर्षाचे पैसे आधीच अडकवण्याचे कारण नाही, तीन महिन्यांचा पास पुरतो. फर्स्ट क्लासचा पास सेकंड क्लासच्या कित्येक पट महाग पडतो हे खरे, पण डोंबिवलीच्या सकाळच्या गर्दीत त्याला चैन म्हणायला धाडस लागते. खरी गळती स्टेशन ते घर या टप्प्यात होते. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आहे. मीटरने रोज दोन फेऱ्या आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर एका माणसाचे १,३०० रुपये झाले, तेही दीड किलोमीटरच्या अंतरासाठी. नवरा-बायको दोघेही नोकरीला जात असतील आणि वेळा वेगळ्या असतील तर २,६००. शेअर रिक्षा, परिवहनची बस किंवा एका वेळी चालत जाणे यातून यातला निम्म्याहून अधिक खर्च सहज वाचतो.

स्वयंपाकघरात बचत होते ती मुख्यतः खरेदीच्या पद्धतीतून. ठाण्याला जांभळी नाका आणि कल्याणला बाजार समितीचे आवार इथे धान्य, कांदे-बटाटे आणि भाजी घाऊक भावाच्या जवळपास मिळते. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून पोते घेतले तर उन्हाळ्यातली वर्षाची बेगमी आजही परवडते. मात्र ती रोखीने जमत असेल तरच करावी, कार्डावर वर्षाचे गहू भरणे म्हणजे गव्हावर व्याज देणे. दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या अ‍ॅपवरची खरेदी एकदा महिनाभर लिहून ठेवली की आकडा स्वतःच बोलतो. डोंबिवलीच्या पोळी-भाजी केंद्रांना मात्र उधळपट्टीच्या यादीत टाकणे अन्यायाचे आहे. रात्री आठला लोकलमधून उतरणाऱ्या बाईने केंद्रातून पोळ्या घेतल्या तर त्या घरी मागवलेल्या जेवणापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात, आणि घरी मागवण्याची सवयही मोडते.

विजेचे बिल टप्प्यांनी वाढते. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा त्याच्या दुपटीच्या आसपास आणि ३०१ नंतरचा त्याहून चढा असतो. त्यामुळे वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातले असतात. एसी असलेल्या घरात साठ युनिट कमी करणे पंख्याच्या घरात साठ युनिट कमी करण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे वाचवते. बिल लवकर भरल्यास आणि ऑनलाइन भरल्यास थोडी सवलत मिळते. मालमत्ता कर वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी भरणाऱ्यांनाही ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका सवलत देत आल्या आहेत.

आरोग्य विम्याचा हप्ता मात्र काटकसरीतून वगळावा. एका आजारपणात सगळी फेड उलटते, आणि वैयक्तिक कर्जाची सुरुवात पुष्कळदा रुग्णालयाच्या कॅश काउंटरवरच होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना खुली आहे. अंगीकृत रुग्णालयांत ठरावीक उपचारांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये आहेत, आणि कायमच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात.

कर्ज डोक्यावर असताना नवी बचत योजना सुरू करण्याचा मोहही टाळावा. भिशी आणि सराफाकडे दरमहा पैसे भरण्याची योजना शिस्त लावतात हे खरे, पण बेचाळीस टक्क्यांचे देणे बाजूला ठेवून त्यात पैसे घालणे तोट्याचेच. शिवाय जोखीम वेगळी. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली आणि ठाण्यातील दुकाने अचानक बंद झाली आणि मासिक योजनेत पैसे भरलेल्या ग्राहकांना पोलिसांत तक्रारी नोंदवाव्या लागल्या.

वाचलेला पैसा खात्यात पडून राहिला की तो खर्च होतोच. म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशीच ठरलेली जादा रक्कम सर्वांत महाग कर्जात भरायची आणि उरलेल्यात महिना काढायचा. बाकी कर्जांचे नेहमीचे हप्ते चालू राहतात. महाग कर्ज संपले की त्याचा हप्ता आणि जादा रक्कम दोन्ही पुढच्या कर्जाकडे वळतात. काही जण आधी सर्वांत लहान कर्ज संपवतात. त्यात व्याज थोडे जास्त जाते, पण एक खाते बंद झाल्याने हुरूप येतो, तेव्हा दोन कर्जांच्या दरांत फार फरक नसेल तर हाही मार्ग चालतो. बदलत्या दराचे वैयक्तिक किंवा गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड आकारता येत नाही. स्थिर दराच्या वैयक्तिक कर्जाला मात्र तो लागू शकतो, त्यासाठी करार वाचावा लागतो.

हप्ता चुकणारच असे दिसले तर बँकेला आधी लेखी कळवून मुदतवाढ मागणे शहाणपणाचे. वसुली करणाऱ्याने सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा ते समाधानकारक नसले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. परवाना नसलेला सावकार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कक्षेत येतो आणि त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करतात.

शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम संपले असे नाही. बँकेकडून ‘देणे नाही’ असा दाखला घ्यावा, खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची सूचना रद्द करावी आणि दोन-तीन महिन्यांनी पतअहवाल तपासावा. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एकदा तो फुकट मिळतो. तडजोडीने कमी रकमेत मिटवलेले कर्ज तिथे ‘सेटल्ड’ दिसते, पूर्ण फेडलेले ‘क्लोज्ड’, आणि पुढचे कर्ज मागताना या दोन शब्दांमधला फरक जाणवतो. घराची कागदपत्रे बँकेकडे असतील तर पूर्ण फेडीनंतर ती तीस दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.