नीतिमत्त्व आणि शांती : दोन शब्दांचा व्यवहार

मराठी बायबल वाचताना 'नीतिमत्त्व' आणि 'शांती' हे दोन शब्द पावलोपावली भेटतात. उपासनेत आणि प्रवचनात ते इतके सवयीचे झाले आहेत की त्यांच्यापाशी कुणी थांबत नाही. माझ्या मते मराठीत येताना हे दोन्ही शब्द आक्रसले. 'नीतिमत्त्व' म्हटले की निर्व्यसनी, चारित्र्यवान माणूस डोळ्यांपुढे येतो. 'शांती' म्हटले की मनाची शांती, फार तर घरात भांडण नसणे. दोन्ही गोष्टी दार लावून घेऊन एकट्याने साधाव्यात अशा. मूळ शब्दांत ही सोय नाही.

हिब्रू मी कुठल्या सेमिनरीत शिकलेलो नाही. शब्दकोश आणि शब्दसूची पुढ्यात ठेवून एकेक संदर्भ उलगडत गेलो. नीतिमत्त्वासाठीचा 'सेदेक' हा शब्द लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात चक्क बाजारात सापडतो. तागडी 'सेदेक'ची हवी, वजने 'सेदेक'ची हवीत, धान्याचे मापही 'सेदेक'चे हवे, असे तिथे बजावले आहे. अनुवाद पुस्तकाच्या २४व्या अध्यायात त्याच कुळातला 'सदाका' येतो. गरिबाने पांघरूण गहाण ठेवले असेल, तर सूर्य मावळताना ते त्याला परत द्यायचे, म्हणजे रात्री तो त्यात झोपेल. या परत देण्याला 'सदाका' म्हटले आहे. लगेच पुढच्या वचनांत, मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्यास्ताआधी चुकती करण्याचा नियम आहे. गहाण रोज संध्याकाळी परत करायचे तर ते गहाण कसले, असा प्रश्न कुठल्याही सावकाराला पडेल. तो पडावा, हाच नियमाचा हेतू असावा.

'शालोम'ची गोष्ट याहून रंजक आहे. त्याचा धातू 'श-ल-म', अर्थ पुरे असणे, कुठे उणे नसणे. याच धातूचे 'शिल्लेम' हे क्रियापद निर्गम पुस्तकाच्या २२व्या अध्यायात पुन्हापुन्हा येते, आणि तिथे त्याचा अर्थ आहे भरपाई करणे. चोरलेले मेंढरू कापले वा विकले, तर एकामागे चार मेंढरे भरून द्यायची. शांती आणि भरपाई एकाच मुळाच्या! लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार हे गणित नेमके जाणतो. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो आपल्या मनःशांतीबद्दल काही बोलत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो म्हणतो. त्या घराला तारण लाभल्याचे येशूचे उद्गार त्यानंतरचे आहेत.

नव्या करारात पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४व्या अध्यायात नीतिमत्त्व आणि शांती हे दोन शब्द शेजारी येतात. ते वचन सुटे काढून भिंतीवर लावले जाते, म्हणून त्याचा प्रसंग विसरला जातो. वाद जेवणाचा होता. कुणी काय खावे, काय वर्ज्य मानावे यावरून मंडळीत एकमेकांना तुच्छ लेखणे सुरू होते. करिंथमध्ये तर खातेपिते लोक आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्यावरून पौलाने त्यांना खडसावले आहे. आपल्याकडच्या वाचकाला हे सगळे समजावून सांगावे लागत नाही. पंगत म्हणजे काय आणि पंगतीतून उठवणे म्हणजे काय, हे आपण जाणतो.

म्हणूनच मंडळीत जातीचा विषय निघाला की 'शांती राखा' असे म्हटले जाते, ते मला खटकते. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. महाराष्ट्रातही लग्न जुळवताना पूर्वीची जात आडून विचारली जातेच. अशा वेळी गप्प बसण्याला शालोम म्हणणे म्हणजे देणेकऱ्याने सावकाराला शांत राहायला सांगण्यासारखे आहे. कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी शेजाऱ्याला शांती देण्याचा विधी आहे. आपल्याकडे तो बहुधा हात जोडून होतो. मत्तयाच्या ५व्या अध्यायातली अट मात्र कडक आहे : भावाची आपल्याविरुद्ध तक्रार आहे हे आठवले, तर अर्पण वेदीपाशी तसेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचे. कुणाची तक्रार, हे पाहण्यासारखे आहे. आपली नव्हे, त्याची.

मराठीत या अटीचा सर्वांत प्रामाणिक हिशेब मला 'स्मृतिचित्रे'त दिसतो. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, पण आपले सोवळे आणि वेगळी चूल घेऊनच. तो काळ त्यांनी स्वतःची थट्टा करत सांगितला आहे, म्हणून वाचक हसतो आणि त्यातली कोंडी त्याच्या नजरेतून निसटते. टिळकांनी कवितेत आणि प्रवचनात मांडलेली समता लक्ष्मीबाईंच्या घागरीपाशी अडली होती. ती सुटली कुणाच्या उपदेशाने नव्हे. जाती देवाने केल्या की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशीच विचार केला, त्या माणसाच्या आहेत असे ठरवले, आणि कुणाच्याही हातचे खायला-प्यायला लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.