एकच पाऊस, पाच अधिवास



मुंबई आणि ठाणे या शहरांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे एक जंगल आहे. ते म्हणजे बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. पाऊस सगळीकडे साधारण सारखाच. मग एका जागी उघडा कातळ, दुसऱ्या जागी दाट झाडी आणि तिसऱ्या जागी चिखलात उभे असलेले तिवरांचे वन, असा फरक का बरे पडतो?

उत्तर जमिनीकडे पाहिल्यावर मिळते. पडलेले पाणी वाहून जाते, मुरते, साठते की समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळते, यावर त्या जागी कोण तग धरणार हे बऱ्याच अंशी ठरते. सजीवांच्या अशा राहण्याच्या जागेला शास्त्रात ‘अधिवास’ म्हणतात. चला, पाण्याच्याच वाटेने उंचावरून खाली उतरू या.

कान्हेरीचा कातळ

‘कान्हेरी’ हे नाव ‘कृष्णगिरी’, म्हणजे काळा डोंगर, यावरून आले. हा ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेला खडक आहे. त्यावर मातीचा थर अगदी पातळ, काही ठिकाणी मुळीच नाही. त्यामुळे पाऊस पडला की पाणी लगेच वाहून जाते. पावसाळ्यात खडकाच्या भेगांतून गवत आणि तेरडा उगवतो, फुलतो, बी टाकतो आणि पाणी संपण्यापूर्वी आपले आयुष्यही संपवतो. येथे शंभराहून अधिक लेणी खोदणाऱ्या बौद्ध भिक्षूंनाही कातळाचा हा गुण ठाऊक होता. त्यांनी खडकात पन्हळी आणि पाण्याची टाकी कोरली. तेथील शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे.

करवीचे उतार

कातळाखालच्या उतारांवर थोडी माती असते, पण ती धुपून जाण्याची भीती कायमची. ही माती धरून ठेवण्याचे मोठे काम करवी करते. हे झुडूप दाट वाढते आणि त्याची मुळे माती घट्ट बांधून ठेवतात. करवी सुमारे सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. सारा उतार जांभळा होतो, बी तयार होते आणि झुडुपे वाळून जातात. पुढच्या पावसात नवी रोपे त्यांची जागा घेतात. करवीच्या वाळलेल्या काठ्यांपासून आदिवासी लोक घराच्या कुडाच्या भिंती बनवतात. याच उतारांवर पांढऱ्या सालीचा कहांडोळ दिसतो. उन्हाळ्यात पाने गाळून तो पाण्याचा खर्च वाचवतो.

शिलोंड्याचा ओढा

दोन उतारांच्या मध्ये ओढा वाहतो. शिलोंडा ही अशीच एक जागा. वरून वाहून आलेली माती येथे साचते, तिच्यावर पालापाचोळ्याचा थर बसतो आणि हा थर स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. ओढ्याची धार आटली तरी खाली ओल टिकते. म्हणून ओढ्याकाठची उंबर, करंज यांसारखी झाडे आसपासचे जंगल निष्पर्ण झाले असतानाही सावली देतात. त्या सावलीत फुलपाखरे, बेडूक आणि खेकडे आसरा घेतात.

तुळशी आणि विहार

हे दोन्ही तलाव माणसाने बांध घालून तयार केले आहेत. विहार १८६० साली पूर्ण झाला आणि त्यातून मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. तुळशी १८७९ साली पूर्ण झाला. पूर्वी जेथे पाणी वाहून जाई तेथे आता ते वर्षभर साठून राहते. त्यामुळे येथे मगरी राहतात आणि पाणपक्ष्यांना मासे मिळतात. दहिसर नदीचा उगम तुळशीच्या परिसरात होतो, तर विहार आणि पवई यांच्या सांडव्याचे पाणी मिठी नदीत जाते.

नागल्याची खाडी

उद्यानाचा नागला हा भाग वसईच्या खाडीपलीकडे आहे. खाडीकाठी दिवसातून दोनदा भरती येते आणि गोडे व खारे पाणी एकत्र होते. येथील चिखलात हवा फारच थोडी असते. म्हणून तिवराची काही मुळे जमिनीतून वर डोकावतात आणि हवा घेतात. जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. साग किंवा ऐन येथे लावला तर तो जगणार नाही; आणि तिवर कान्हेरीच्या कातळावर जगणार नाही.

साखळीचा एक दुवा तुटला तर?

आता हे पाचही अधिवास एकत्र पाहा. समजा, वणव्यात उताराचा पाला आणि करवी जळाली. पुढच्या पावसात उघडी माती ओढ्यात येईल आणि ओढ्यातून तलावात जाईल. गाळ साचून तलाव उथळ होईल आणि त्यात पाणी कमी मावेल. आग उतारावर लागली, नुकसान मात्र तलावाचे झाले!

२६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठीला महापूर आला. इतका पाऊस एकटे जंगल अडवू शकत नाही हे खरे. परंतु ज्या उतारांवर झाडे आणि पाला शिल्लक आहे, तेथून पाणी सावकाश उतरते आणि माती कमी वाहते. नद्यांच्या काठी राहणाऱ्या लाखो माणसांच्या दृष्टीने ही काही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच ‘एवढासा माळ गेला तर काय बिघडले, बाकी जंगल आहेच की’ असे कोणी म्हटले, तर त्या माळावरचे पाणी पुढे कोठे जाते हे त्याला जरूर विचारा.

करून पाहा : तुमच्या गावाजवळच्या टेकडीवर शिक्षकांसोबत जा. उघडा खडक, उघडी माती आणि पाल्याखालची माती अशा तीन जागी, शक्यतो सारख्याच उतारावर, एकेक तांब्या पाणी ओता. ते किती अंतर वाहत गेले आणि मुरायला किती वेळ लागला, हे मोजा. प्रत्येक जागी कोणती झाडे आहेत त्याची नोंद करा. जागेचे स्थानिक नावही वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. पुष्कळदा त्या नावातच तेथील झाडाची, दगडाची किंवा पाण्याची ओळख दडलेली असते.